वेताळसड्यावरची सोडत

माझ्या सगळ्यात मोठ्या प्रयोगाचं वाटोळं करणाऱ्या बाईंचं नाव वैजयंती घाडीगावकर. वय छप्पन्न, शिक्षण बारावी, हुद्दा बालघर सेविका, मुक्काम वेताळसडा, जिल्हा सिंधुदुर्ग. नाव-गावासकट सांगतो आहे, कारण आता मला ते सांगायला मजा येते. २०४१ च्या फेब्रुवारीत मात्र मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मी बोरवणकर, पुण्याच्या एका संस्थेत सांख्यिकीचं काम करतो. माणसांपेक्षा तक्त्यांवर माझा विश्वास जास्त, असं माझी बायको म्हणते आणि मी ते कौतुक समजत आलो.

आधी टोपीबद्दल सांगायला हवं. आपल्याला वाटतं मेंदू ऐकतो. खरं म्हणजे तो सतत पुढचं ओळखत असतो. ‘आजीनं तव्यावर भाकरी’ एवढं कानावर पडलं की ‘टाकली’ हा शब्द त्यानं तयार ठेवलेला असतो. त्या जागी ‘धुतली’ आलं, किंवा काहीच आलं नाही, तर सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत एक लहानशी विद्युतलहर उठते. ओळखलेलं चुकलं, असं मेंदूनं स्वतःशीच नोंदवलेलं असतं. आमच्या संस्थेनं दहा वर्षांपूर्वी ही लहर टिपणारी मऊ कापडी टोपी बनवली. लहान मुलाच्या डोक्यावर ती घालायची, गोष्ट ऐकवायची, मधूनच शब्द बदलायचे किंवा गाळायचे. लहर किती ठळक उठते आणि वाक्यात किती आधीपासून मेंदू पुढचं ओळखू लागतो, यावरून एक आकडा निघतो. त्याला आम्ही अपेक्षांक म्हणतो.

अपेक्षांक जन्मानं मिळत नाही. ज्या मुलाशी कुणी बोलतं, त्याला विचारतं, त्याचं उत्तर ऐकून घेतं, त्याचा तो वाढतो. मोठी गोष्ट अशी की पाचव्या वर्षीचा अपेक्षांक पाहून ते मूल चौथीत सलग वाचू शकेल की नाही, हे शंभरातल्या ऐंशी मुलांच्या बाबतीत आधीच सांगता येऊ लागलं. सरकारच्या हाती मोजपट्टी आली. मग लहान मुलांची प्रत्येक योजना टोपीच्या कसोटीला लावायची, असं ठरलं.

बालघर ही त्यातली पहिली. वीटभट्ट्या, खडीक्रशर, चिरेखाणी अशा मजुरांच्या वस्त्यांवर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकारी खर्चानं दिवसभराची शाळा. दोन वेळचं खाणं, दुपारची झोप, खेळ, गोष्टी, आणि मुलांशी बोलणारी एक शिकलेली बाई. प्रयोगासाठी चाळीस वस्त्या निवडल्या. प्रत्येक ठिकाणी जागा वीस, मुलं जास्त. म्हणून सोडत. चिठ्ठी लागलेली मुलं आत, न लागलेली बाहेर, आणि तीन वर्षांनी दोन्ही गटांची तुलना. ही रचना माझी. सेविकांकडून घेतलेल्या हमीपत्रातलं सातवं कलमही माझंच: सोडतीत नाव नसलेल्या मुलास वर्गात बसवल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

तीन वर्षं मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. दर तिमाहीला प्रत्येक चालू बालघराला स्वतः भेट दिली. नियमाप्रमाणे आठ दिवस आधी निरोप पाठवून.

निकाल आला तो असा. योजना सुरू होण्यापूर्वी या वस्त्यांवरच्या मुलांचा सरासरी अपेक्षांक एकतीस होता. आता आतल्या मुलांचा बावन्न झाला होता. कुणीही पेढे वाटले असते. पण बाहेरच्या मुलांचाही एक्कावन्न झाला होता. समितीनं सरळ अर्थ लावला, आणि तक्त्याप्रमाणे मीही तोच लावला: जे बालघराविनाही होतं, ते बालघरामुळे झालं असं म्हणता येत नाही. घरोघर फोन आले आहेत, रेशनवर डाळ-तेल मिळतं आहे, त्यानं झालं असेल. योजना मार्चअखेर बंद करावी, अशी शिफारस माझ्याच हातची होती. अंतिम बैठक दीड महिन्यावर आली होती.

शेवटची काही मोजमापं उरली होती, म्हणून मी वेताळसड्याला गेलो. कुडाळच्या पुढे डोंगरावर सपाट कातळ आहे, त्याला तिकडे सडा म्हणतात. तो कापून घरबांधणीचे लाल चिरे काढतात. खाणीवरचे मजूर विजापूरकडचे, कानडी बोलणारे. सगळीकडे लाल धूळ, आणि त्या धुळीत पांढऱ्या चुन्याची एवढीशी इमारत, पुढे पत्र्याची पडवी.

वैजूबाईंनी नेहमीप्रमाणे कोकम सरबत दिलं. आत वीस मुलं ओळीत जेवत होती. मी मन घट्ट करून बातमी सांगितली.

“म्हणजे ह्या बंद होतला?” त्यांनी विचारलं.

“मार्चअखेर.”

“आणि पोरां?”

“पूर्वीसारखीच, आईबापांबरोबर.”

“म्हणजे खाणीच्या काठार.” त्या म्हणाल्या. “सर, तुमची टोपी चुकली नसात?”

“टोपी चुकत नाही, बाई.”

“मगे माणूस चुकलो असतलो.”

मला ते झोंबलं. सरबत अर्धं टाकून मी टोपीची पेटी उचलली आणि वस्तीकडे निघालो.

रेणव्वा सहा वर्षांची, ‘बाहेर’ गटात क्रमांक चौदा. तिची आई शांतव्वा खाणीवरून जेवायला आली होती. झोपडीच्या सावलीत मी मुलीला बसवलं, टोपी घातली. टोपीला हात लागू नये म्हणून आईनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात बालघराकडून ठोके ऐकू आले. वैजूबाई जेवणानंतर मुलांना गोळा करायला करवंटीवर करवंटी आपटत. दहा ठोक्यांचा त्यांचा एक ठेका होता. दहाव्याला सगळ्या मुलांनी उजवा हात डोक्यावर ठेवून गप्प बसायचं.

त्या दिवशी नऊच ठोके वाजले. करवंटी फुटली होती, हे नंतर कळलं.

दहावा ठोका जिथं यायला हवा होता, तिथं माझ्या पडद्यावर लहर उठली. इतकी उंच की मी आधी वायर तपासली. ठेका वस्तीभर ऐकू जातो, रोज कानावर पडत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग माझं लक्ष रेणव्वाच्या हाताकडे गेलं. ती उजवा हात आईच्या मुठीतून सोडवायला धडपडत होती, डोक्याकडे न्यायला. ठोके भिंतीपलीकडून ऐकू येतात, पण दहाव्याला हात डोक्यावर ठेवायचा, हे पलीकडून ऐकू येत नाही. ते तिथं बसूनच शिकावं लागतं.

“शांतव्वा, ही बालघरात जाते?”

शांतव्वा मुलीचे केस नीट करू लागली. “मला काय ठाव न्हाई, सर. मी खाणीवर असतो,” ती म्हणाली. तिकडच्या सगळ्या बाया स्वतःबद्दल ‘असतो’, ‘जातो’ असंच बोलतात. पण माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मी तरातरा बालघरात गेलो. मुलं झोपली होती. वैजूबाई पडवीत फुटलेली करवंटी उचलत होत्या. मी काही विचारायच्या आधीच माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हातातले तुकडे खाली ठेवले.

“तुम्ही बाहेरची मुलं वर्गात बसवलीत.”

“वर्गात बसवूक नाय,” त्या म्हणाल्या. “वर्ग पडवेत घेतलंय. पडवेक दार खंय आसा?”

“बाई, मस्करी नको.”

“मस्करी नाय, सर. पयल्या दिवशी वीस नावां वाचलंय. तेवीस पोरां दारात उभी रवली. ही रेणव्वा माका इचारता, बाय, आमचा नाव कित्याक नाय? काय सांगू? तुझी चिठी येवक नाय म्हणान सांगू, तीन वर्साच्या पोराक? तुमका जमला असता? माका नाय जमला.”

“आणि मी येतो त्या दिवशी?”

“तुमचो निरोप आठ दिवस आदी येता. त्या दिवशी तेंका माझ्या घराकडे ठेवतंय. माझो घोव सांभाळता. टोपी घालूची आसली तर तेवढ्यापुरती घराक धाडतंय.”

मी त्यांना खूप बोललो. तीन वर्षं, चाळीस वस्त्या, सोळाशे मुलं, सगळ्याचा चिखल केलात, म्हणालो. आवाज चढला तशी आतलं एक मूल उठून रडू लागलं. बाई आत गेल्या, त्याला थोपटून निजवून परत आल्या. तेवढ्या वेळात मी पडवीच्या पायरीवर बसलो होतो, आणि माझा राग कुठं तरी अडखळला होता.

बाहेरची मुलं मुळात बाहेर नव्हतीच. मग दोन गटांत फरक पडणार कसा? एकाच वर्गाच्या दोन बाकांची मी तुलना करत बसलो होतो. दोन्ही गट वीस गुणांनी चढले, कारण दोघांनाही तीच बाई, तीच खिचडी, त्याच गोष्टी मिळाल्या होत्या. फोननं नाही, डाळीनं नाही. बालघरानं चढले. आणि मी ते बंद करायला निघालो होतो.

हे मी वैजूबाईंना जमेल तसं समजावलं. मग पुढचंही सांगावं लागलं. “हे मला लेखी द्यावं लागेल. तुमच्या सहीनं. सातव्या कलमाखाली तुमची नोकरी जाईल. मी थांबवू शकणार नाही.”

“माका काडलानी तर बालघर रवात?”

“एका ठिकाणच्या चुकीनं चाळीस ठिकाणचा निकाल बदलत नाही. खोटं कशाला बोलू?”

त्या, पहिल्यांदाच, हसल्या. “सर, तुमका खराच वाटता, मी एकटीच आसंय?”

सेविकांचा एक गट होता फोनवर. नाव ‘टोपीवाल्या’. मला त्याचा पत्ता नव्हता. वैजूबाईंनी पदर सारखा केला, फोन तोंडाजवळ धरला, आणि सगळ्यांना समजावं म्हणून शाळेतल्या मराठीत बोलल्या: “बायांनो, मी वेताळसड्याची वैजू. चिठ्ठी न लागलेली मुलं मी तीन वर्षं बसवली. सरांना आता सांगितलंय, लिहूनही देणार. असं आणखी कुणी केलं असेल तर सांगा. नोकरी जाईल, हे खरं आहे. पण गप्प राहिलो तर सगळ्यांची बालघरं जाणार, हेही खरं आहे.”

दहा मिनिटं काहीच आलं नाही. मी पेटी बंद करू लागलो. मग फोन वाजला. जालन्याकडच्या वीटभट्टीवरची बाई होती: “माझी अकरा. लिहून घ्या.” तिच्यामागून खानदेशातली: “मी तर सोडतीच्या दुसऱ्याच दिवशी बसवले.” मग यवतमाळची: “लेकरं दारात उभी राह्यली तं हाकलाव का? माह्यावाली चौदा हायेत.” एकीनं नुसती यादी पाठवली, नाव, वय आणि कुणाला काय आवडतं ते. उन्हं उतरेपर्यंत चौतीस जणी झाल्या. उरलेल्या दोघींची कबुली तिसऱ्या दिवशी आली, एकीच्या गावात नेटवर्क नव्हतं आणि दुसरीला नवऱ्यानं अडवलं होतं. चालू बालघरं छत्तीस होती. छत्तीसच्या छत्तीस.

एकीनंही दुसरीला विचारलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच चोरून करतो आहोत.

त्या संध्याकाळी मी वैजूबाईंच्या पडवीत बसून खूप हसलो, आणि मग मला रडू आलं. बाईंनी कोकम सरबताचा पेला पुढे ठेवला.

पण कबुली हा पुरावा नव्हे. बालघर वाचवायला बाया एक झाल्या, असं कुणीही म्हटलं असतं. पुरावा टोपीलाच द्यायला लावायचा होता. प्रत्येक सेविका दुपारी मुलांना जवळ घेऊन हलक्या आवाजात स्वतः रचलेली गोष्ट सांगायची. वैजूबाईंची एका खेकड्याची होती, ज्याला सरळ चालायचं असतं. ती जगात दुसरीकडे कुठंच नव्हती. आम्ही छत्तीस गोष्टी रेकॉर्ड केल्या, मधले शब्द गाळले, आणि कागदोपत्री ‘बाहेर’ असलेल्या सातशेहून जास्त मुलांना ऐकवल्या. गोष्ट अनोळखी असेल तर लहर बेताची उठते. शंभर वेळा ऐकलेली असेल तर उसळते. शंभरातल्या शहाण्णव मुलांत ती उसळली. पाच वर्षांच्या मेंदूला खोटी साक्ष देता येत नाही.

तरी एक भोक उरलंच होतं. बालघर नसतं तर ही मुलं एकतीसवरच राहिली असती, हे कशावरून? खरोखर बाहेर राहिलेलं मूल मला कुठं सापडणार? तीन दिवस मी तक्ते चाळत होतो आणि चौथ्या दिवशी मला माझीच तळटीप दिसली. चाळीसपैकी चार बालघरं कधी उघडलीच नव्हती. सेविकेचं पद भरलं गेलं नाही. इमारत होती, कुलूप होतं, बाई नव्हती. तिथल्या मुलांची मोजमापं आम्ही नेमानं घेतली होती आणि ‘निरुपयोगी’ असा शिक्का मारून बाजूला ठेवली होती. सुरुवातीला त्या चार वस्त्या बाकीच्यांसारख्याच, एकतीसवर. फोन तिथंही आले होते. रेशनची डाळही. तीन वर्षांनंतरचा आकडा होता बत्तीस.

तो आकडा पाहून मी खुर्चीतून उठलो आणि खोलीत फेऱ्या मारू लागलो. इतका स्वच्छ निकाल मी आयुष्यात पाहिला नव्हता.

बैठक मंत्रालयात झाली. सचिव फडतरे मॅडम अध्यक्षस्थानी, शेजारी वित्त विभागाचे महाजन. मी माझीच शिफारस मागे घेतो, असं सांगून सुरुवात केली आणि सगळं मांडलं. कबुल्या, खेकड्याची गोष्ट, बत्तीस आणि बावन्न.

“थोडक्यात, बोरवणकर,” फडतरे मॅडम म्हणाल्या, “तुमचा प्रयोग फसला.”

“हो. छत्तीस ठिकाणी पार फसला.”

“आणि उरलेल्या चार ठिकाणी?”

“तिथं अगदी नियमानुसार पार पडला. तिथं तो बिघडवायला कुणी नव्हतं.”

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. त्या चार वस्त्यांत एकशे एकोणसाठ मुलं होती. माझ्या तक्त्याला जे हवं होतं ते नेमकं त्यांच्या वाट्याला आलं होतं.

महाजनांनी घसा साफ केला. “निकाल ठीक आहे. पण शिस्तीचं काय? सातव्या कलमाप्रमाणे छत्तीस सेविका दोषी ठरतात.”

फडतरे मॅडमनी हमीपत्राची प्रत माझ्याकडे सरकवली. “हे कलम कुणी लिहिलं?”

“मी.”

“मग तुम्हीच खोडा.” त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

मी खोडलं. कागद फाटेल इतकं जोरात खोडलं, असं महाजन नंतर सांगत होते.

आदेश निघाला तो दोन पानांचा. सोडत रद्द. वस्तीवरचं तीन ते सहा वयाचं प्रत्येक मूल बालघरात. जिथं वीसपेक्षा जास्त मुलं, तिथं दुसरी सेविका. राज्यातल्या सगळ्या मजूर वस्त्यांवर दोन वर्षांत बालघर. वैजूबाईंना मी फोनवर तो वाचून दाखवला. पलीकडे त्यांनी फोन मुलांसमोर धरला असावा, कारण मला एकाच वेळी त्रेचाळीस मुलांचा गोंगाट ऐकू आला. इतका मोकळा गोंगाट त्या इमारतीत मी कधी ऐकला नव्हता. माझ्या भेटीच्या दिवशी तिथं नेहमी वीसच मुलं असायची.

पहिली बालघरं कुठं उघडायची, असं मला विचारलं, तेव्हा मी त्या चार वस्त्यांची नावं दिली. जूनमध्ये त्यातलं पहिलं उघडलं, सोलापूरकडच्या एका खडीक्रशरच्या वस्तीवर. नवी सेविका तरुण होती, म्हणून पहिला महिना तिच्या हाताशी वैजूबाईंना पाठवलं. मीही गेलो. या वेळी निरोप न पाठवता.

मोजायला गेलो नव्हतो, तरी सवयीनं मी मोजलं. आत लहान मुलं अडतीस. आणि दारात आणखी नऊ, मोठी. सात वर्षांची, आठ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी इथं कुलूप नसतं तर ती आत असती. आता आदेशाप्रमाणे त्यांचं वय उलटून गेलं होतं. ती शाळेत जात होती, पण शाळेत मागच्या बाकावर बसून त्यांना काही कळत नव्हतं, आणि आज सुट्टी होती. ती नुसती आत पाहत होती. त्यांच्यातली एक मुलगी मी ओळखली. तिच्या डोक्यावर मी तीन वेळा टोपी घातली होती आणि तीनही वेळा आकडा लिहून घेऊन निघून गेलो होतो.

वैजूबाईंनी त्यांना पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आदेश त्यांनाही पाठ होता.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुमी जरा भायर जाऊन येतास? चाय पिवन येवा.”

“नाही,” मी म्हणालो. “मी इथंच थांबतो.”

मी त्या नऊ जणांना आत या म्हणालो. ती हलेनात. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. म्हणून मी जाऊन त्या मुलीचा हात धरला, आणि मग बाकीची तिच्यामागून आली. खोली लहान होती, सगळी मावेनात. मी आल्यावर माझ्यासाठी मांडलेली खुर्ची आणि पाहुण्यांचं टेबल मी उचलून पडवीत नेऊन ठेवलं, तेव्हा भिंतीलगत उरलेल्या तिघांना बसायला जागा झाली.